साडेचार फूट पाणी

रेश्मा बर्गे सांगलीला राहायला आली ती पोरीच्या गणितासाठी. सासर कोरेगावच्या बाजूला, उसाच्या रानात. नवरा तानाजी फौजेत हवालदार, वर्षातले दहा-अकरा महिने सीमेकडं. मुलगी शिवांजली बारा वर्षांची, बाकी सगळ्यात हुशार, पण अपूर्णांक बघितले की तिच्या पोटात दुखायचं. म्हणून विश्रामबागेत दोन खोल्या घेतल्या, पोरीला चांगल्या शाळेत घातलं आणि गणितासाठी उमाकाकूंची शिकवणी लावली.

उमाकाकू कॉलेजातून निवृत्त झालेल्या. आवाज बारीक, शिस्त कडक. शिकवणी तासाभराची असायची, आणि तेवढ्यासाठी घरी जाऊन परत येण्यात काही अर्थ नव्हता, म्हणून रेश्मा काकूंच्या बंगल्याच्या मागच्या पडवीत बसून राहायची. पडवीसमोर पोहण्याचा तलाव होता.

तलाव काही फार मोठा नव्हे. एका टोकाला अडीच फूट पाणी, दुसऱ्या टोकाला साडेचार, आणि या काठापासून त्या काठापर्यंत मोजून चौदा पावलं. काकूंचे यजमान अनंतराव इंजिनियर. त्यांची कंबर धरली तेव्हा डॉक्टरांनी पोहायला जा म्हणून सांगितलं, तर अनंतरावांनी पोहायला जायच्या ऐवजी घरी तलावच बांधून घेतला. त्यात ते तीनदा उतरले. चौथ्या दिवशी पाणी गार आहे म्हणाले, आणि तेव्हापासून रोज सकाळी छोट्या बाटलीत पाणी घ्यायचं, त्यात तपासणीच्या औषधाचे दोन थेंब टाकायचे आणि रंग बघायचा, एवढाच त्यांचा पाण्याशी संबंध उरला. पाणी मात्र त्यांनी असं राखलं होतं की तळाच्या फरशीवरची नक्षी वरून स्पष्ट दिसावी.

पाण्यात उतरायचं ते वल्लरीनं, असं घरच्यांनी ठरवलं होतं. वल्लरी म्हणजे त्यांची नात, पाच वर्षांची. तिचे आईबाप दोघंही दवाखान्यात, त्यामुळं पोर दिवसभर आजीआजोबांकडं. दोनदा महापूर बघितलेल्या सांगलीत आपल्या लेकराला पोहता यावं असं कुठल्या आईबापाला वाटत नाही? तर वल्लरीसाठी शिट्टीवाले एक सर लावले. सर दोन दिवस गोड बोलले. तिसऱ्या दिवशी त्यांनी तिला उचललं आणि भीती मोडायची म्हणून खोल टोकाला पाण्यात सोडून दिलं. लगेच वर काढलं, इजा काही झाली नाही. पोर रडलीसुद्धा नाही. तिनं फक्त तोंड मिटलं. त्यानंतर सर दुसरीकडं नोकरीला गेले, आणि वल्लरी रोज पोहण्याचा पोशाख घालून, कपाळावर चष्मा चढवून काठावर बसायची ती पाण्याकडं पाठ करून. आजोबा समोर उभे राहून समजावायचे, आजी खिडकीतून आमिष दाखवायची. वल्लरी मुंग्यांशी बोलत बसायची.

रेश्मा हे सगळं महिनाभर बघत होती. बोलत नव्हती, पण पडवीत बसल्या बसल्या तिचे पाय आपोआप हलायचे.

तिला पोहता येत होतं. म्हणजे काय, पाण्यातच वाढली होती म्हणा ना. माहेर रहिमतपूरजवळ, वडील आप्पासो, आणि त्यांच्या मळ्यातली विहीर म्हणजे आसपासच्या वस्तीवरच्या पोरांचं उन्हाळ्याचं घर. सहाव्या वर्षी आप्पासोंनी तिच्या पाठीला रिकामा डबा बांधून तिला पाण्यात सोडलं, स्वतः शेजारी पोहत राहिले. आठव्या वर्षी डबा सुटला. दहाव्या वर्षी ती धावेवरून, म्हणजे पूर्वी मोटेचे बैल चालायचे त्या उतारावरून, पळत येऊन अंग गोळा करून असा मुटका मारायची की काठावर धुणं वाळत घातलेल्या बाया शिव्या द्यायच्या. मग लग्न झालं. सासरच्या विहिरीवर लोखंडी जाळी होती, आत मोटर होती. पोहू नको असं तिला कुणी म्हणालं नाही, आणि पोहतेस का असंही कुणी विचारलं नाही. चौदा वर्षं अशी गेली.

मार्चातल्या एका शनिवारी अनंतराव थकून म्हणाले, "उमा, हिचं काही खरं नाही. मी तलावावर झाकण घालून टाकतो."

रेश्मा उठून उभी राहिली. "काका, मी उतरू का जरा पाण्यात?"

अनंतरावांनी चष्म्यावरून तिच्याकडं पाहिलं. "तुम्हाला येतं?"

"येत होतं. लय वर्षं झाली."

"कपडे सुती आहेत तुमचे. धागे गाळणीत जातात."

"आजच्या दिवस जाऊ द्यात," आतून उमाकाकू म्हणाल्या, आणि त्या घरात तोच शेवटचा शब्द असायचा.

रेश्मानं ओढणी काढून घडी घातली, बांगड्या वर सारल्या. पहिल्या पायरीवर पाय ठेवला तेव्हा तिचा विचार अगदी सरळ होता. पाण्यात उभं राहायचं, पोरीशी चार शब्द बोलायचे, जमलं तर तिचे पाय भिजवायचे. दुसऱ्या पायरीवर पाणी गुडघ्याला लागलं. तिसरी पायरी उतरून ती तळावर उभी राहिली, पाणी मांडीवर आलं, आणि रेश्मा वल्लरीला विसरून गेली.

विहिरीचं पाणी हिरवं असतं, खाली काय आहे ते कधी दिसत नाही. इथं तिला स्वतःचे पाय दिसले. दहाही बोटं, जरा मोठी झालेली, डुलणारी, जणू कुणा दुसऱ्याच बाईची. तिनं बोटं हलवून बघितली. हलली. एवढ्याशा गोष्टीचं तिला असं हसू फुटलं की ते दाबण्यासाठी तिनं नाक धरलं आणि बुडी मारली. डोळे उघडे ठेवून ती तळाशी तळाशी गेली, समोरच्या भिंतीला हात लावला, पायानं भिंत ढकलली आणि परत आली. वर आली ती पाठीवर. पंजाबी ड्रेस फुगून तिच्याभोवती कमळासारखा पसरला, कानात पाणी गेलं, वरती आभाळ पांढरंफेक, आणि रेश्मा पाण्यावर पडून मोठ्यानं हसत होती. थांबायला जमेना. हसलं की पोट हलायचं, पोट हललं की नाकातोंडात पाणी जायचं, त्याचं पुन्हा हसू.

शिवांजली पेन हातात घेऊन खिडकीत येऊन उभी राहिली. "आई," एवढंच म्हणाली.

आणि वल्लरी वळली. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा तिनं पाण्याकडं तोंड केलं. बराच वेळ बघितल्यावर म्हणाली, "मावशी, तू का हसतेस?"

"पाणी गुदगुल्या करतंय."

"कुठे?"

"आधी तळपायाला करतंय, मग वर वर येतंय."

वल्लरीनं विचार केला. मग बसल्या जागीच फिरून दोन्ही पाय पाण्यात सोडले आणि गंभीर तोंडानं वाट बघत राहिली. रेश्मा तिच्याजवळ आली, पाण्याखालून बोटानं तिच्या तळपायाला हळूच खाजवलं. पोर अशी किंचाळली की अनंतरावांच्या हातातली बाटली पडली. पण ते किंचाळणं हसण्याचं होतं. काकू खडूच्या हातानं बाहेर आल्या आणि तशाच उभ्या राहिल्या.

त्या दिवशी यापेक्षा जास्त काही झालं नाही. ओल्या कपड्यांनी, खाली टॉवेल घालून रेश्मा स्कूटीवरून घरी गेली. शिवांजली मागं बसून म्हणाली, "सगळे बघायलेत आई." रेश्मा म्हणाली, "बघू देत." सिग्नलला उभं राहिल्यावर तिला पुन्हा हसू आलं.

सोमवारी काकूंनी विचारलं, वल्लरीला रोज शिकवशील का. रेश्मा हो म्हणाली आणि मग घाबरली. पोहणं येणं वेगळं, शिकवणं वेगळं. तिला शिकवलं होतं ते डब्यानं आणि आप्पासोंनी. तिनं वडिलांना फोन लावला.

"आप्पा, मला पवायला कसं शिकवलं हुतं तुमी?"

"काय शिकवलं न्हाई गं. शेजारी हुतो फकस्त."

"बास?"

"हाताच्या अंतरावर. त्याच्या फुडं एक वीत बी न्हाई. आन् तू भ्यालीस की बाहेर काढायचो, भ्यायची थांबलीस की परत सोडायचो."

तेवढ्यावर रेश्मानं आपली शाळा उभी केली.

पोशाखाचा प्रश्न आला. दुकानात जाऊन तिनं अंगभर, मनगटापासून घोट्यापर्यंतचा पोहण्याचा पोशाख मागितला. कुणासाठी, असं दुकानदारानं विचारल्यावर "बहिणीसाठी, माझ्याच अंगाची हाय," असं सांगून तिनं तो घातल्यासारखा अंगाला लावून बघितला. गावाकडून सासूचा, मनुबाईंचा फोन आला. कुणीतरी बातमी पोचवली होती.

"रेश्मे, पान्यात शिकवतीस म्हनं. काय घालून?"

"अंगभर हाय आत्याबाई. काळं. फकस्त तोंड आन् पंजे उघडं."

"थंडी वाजत न्हाई न्हवं?"

"न्हाई."

"मग शिकीव," मनुबाई म्हणाल्या. विषय संपला. चार दिवस मनात जुळवून ठेवलेली उत्तरं रेश्माला कुठंच वापरता आली नाहीत.

तानाजीचा व्हिडिओ कॉल आला तो पंधरा दिवसांनी, रेंज मिळाल्यावर. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, "पानी किती खोल हाय?"

"साडेचार फूट."

"लय हाय की गं," तानाजी म्हणाला. सहा फुटाला एक बोट कमी असलेल्या माणसानं हे म्हणावं याचं रेश्माला नवल वाटलं, पण तेवढ्यात रेंज गेली.

वल्लरी आठ दिवसांत डोकं बुडवायला लागली. रेश्मा तिला एक-दोन-तीन म्हणायची नाही. "चहा गरम हाय, फुंकर मार," म्हणायची. वल्लरी पाण्यावर ओठ टेकवून फुंकायची, बुडबुडे निघायचे. "अजून गरमच हाय." पुन्हा फुंकर. चहा निवेपर्यंत पोरीचं नाक, डोळे, कपाळ सगळं पाण्यात गेलेलं असायचं आणि तिला पत्ताच नसायचा. पाठीवर तरंगायचं तर रेश्मा तिच्या मानेखाली हात धरायची आणि सांगायची, "आभाळात काय दिसतंय ते एकेक सांग." पोर घार सांगायची, विमान सांगायची, गच्चीवरची पाण्याची टाकी सांगायची, आणि सांगता सांगता रेश्माचा हात कधी निघून गेला ते तिला कळायचं नाही. पहिल्यांदा ती एकटी तरंगली तेव्हा उमाकाकूंनी, कॉलेजात तीस वर्षं पोरांना गप्प बसवलेल्या बाईंनी, काठावर दोन्ही हात वर करून एक गिरकी घेतली आणि कुणी बघितलं नाही ना म्हणून इकडंतिकडं पाहिलं.

बातमी गल्लीत गेली. शेजारचा वरद आला, चार वर्षांचा, प्रश्नांची पोतडी घेऊन. "मावशी, पाण्याला आपण जड होतो का? मावशी, मासे पाण्यात शू करतात का? मग मी केली तर?" मग आणखी दोघं आले, मग आणखी चौघं. एका वेळी चारच पोरं, यावर रेश्मा अडून बसली. अनंतरावांनी वेळापत्रक काढलं, उमाकाकूंनी ते फळ्यावर लिहिलं. आईबापांसाठी मात्र एकच नियम होता आणि तो रेश्माचा होता. काठावर बसा, डबा खा, मोबाइल बघा, पण बोलायचं नाही. एका बँकेतल्या बापानं पोराला "पाय सरळ, पाय सरळ" म्हणून ओरडायला सुरुवात केली, तर रेश्मा काठाशी गेली आणि म्हणाली, "दादा, तुमी या खाली, सरळ पाय दावा." बापानं त्या दिवसापासून पडवीत वर्तमानपत्र वाचायला घेतलं.

ती सकाळी उठायची ती हसतच. कानात पाणी, केसांना औषधाचा वास, बोटांच्या सुरकुत्या दुपारपर्यंत जायच्या नाहीत. भाकरी थापताना मध्येच तिचे पाय बेडकासारखे हलायचे. शिवांजलीनं वर्गात मैत्रिणींना आधी सांगितलं नाही, मग सांगितलं, मग दोन मैत्रिणींना दाखवायला घेऊन आली.

एकच दिवस वाईट गेला. एप्रिलमध्ये, रेश्मा वल्लरीच्या चष्म्याचा पट्टा नीट करत होती, आणि मागं वरद पायरीवर उभा होता. पायरी सोडायची नाही असं त्याला बजावलं होतं. त्यानं सोडली. आवाज झाला नाही, हीच त्यातली भीतीची गोष्ट. रेश्मानं वळून बघितलं तर पायरीवर वरद नव्हता, आणि स्वच्छ पाण्याखाली त्याचे उघडे डोळे तिच्याकडं बघत होते. तिनं एका झेपेत त्याला उचललं. दोन सेकंद, फार तर तीन. वरद खोकला, नाक पुसलं आणि म्हणाला, "खाली सगळं निळं आहे. परत जाऊ?"

रेश्मानं सगळ्या पोरांना बाहेर काढलं, त्यांना टॉवेलात गुंडाळलं, वरदच्या आईला स्वतः जाऊन घडलं ते जसंच्या तसं सांगितलं. मग काकूंच्या न्हाणीघरात जाऊन तिनं आतून कडी लावली. वडिलांचे शब्द तिला पाठ होते, तरी एका चष्म्यासाठी हाताचं अंतर सुटलं होतं. संध्याकाळी तिनं काकूंना सांगितलं, "उद्यापासून तुमी काठावर बसायचं. डोळं पाण्यावर. मी एकाशी बोलत आसले की बाकीच्यांवर तुमचं लक्ष." काकू दुसऱ्या दिवशी खुर्ची आणि गळ्यात शिट्टी घेऊन हजर झाल्या. वरदची आई त्याला घेऊन आली. येईल असं रेश्माला वाटलं नव्हतं.

मे महिन्यात तानाजी सुट्टीवर आला. तीस दिवसांची सुट्टी, त्यातले दहा दिवस गावी, बाकीचे सांगलीत. पहिल्याच सकाळी तो रेश्माला स्कूटीवरून सोडायला आला. पोरांनी त्याला घेरलं. फौजी काका, बंदूक कुठाय, मिशी खरी आहे का. तानाजी हसून उत्तरं देत होता, पण उभा होता तो पडवीच्या भिंतीला टेकून. काठापासून चांगलं सात-आठ फूट लांब. रेश्मानं हाक मारली, "आवं, या की जवळ, बघा तर खरं." तो म्हणाला, "बूट हायेत पायात." दुसऱ्या दिवशी चप्पल घालून आला, तर म्हणाला, "इथनं बी दिसतंय की." तिसऱ्या दिवशी वरद पाण्यातून बाहेर आला, ओल्या पायांनी त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला, मान वर करून त्याच्याकडं नीट बघितलं आणि विचारलं, "काका, तुम्हाला पोहता येत नाही ना?"

वरदच्या आईनं त्याला मागं ओढण्यासाठी हात पुढं केला.

तानाजीनं एकदा रेश्माकडं बघितलं. मग म्हणाला, "न्हाई."

रेश्मा पाण्यात उभी होती ती तशीच राहिली. चौदा वर्षांत किती उन्हाळे, किती वेळा तिच्या भावांनी जावयाला विहिरीवर हाक मारली होती. कवा कान दुखतोय, कवा आत्ताच जेवलोय, कवा नुसतंच "तुमी पवा, मी कापडं सांभाळतो." सगळ्यांना वाटायचं जावई मानी आहे. तिलाही तेच वाटायचं.

"ट्रेनिंगात उडी मारलीवती," तानाजी वरदलाच सांगत होता, एखाद्या साहेबाला रिपोर्ट द्यावा तसा ताठ उभा राहून. "वरनं उडी मारायचा हुकूम हुता, मारली. पर वर आलो न्हाई. दोर टाकून काढला मला. नंतर मग जमंनाच."

वरद विचारात पडला. "मग तुम्ही अडीच फुटातून सुरू करा," तो म्हणाला. "मी पण तिथूनच केलं."

रेश्माला हसायचं नव्हतं. ती ओठ दाबून उभी राहिली, डोळ्यात पाणी आलं, ते कशाचं ते तिलाही कळेना. मग तानाजीच्याच मिशीखाली काहीतरी हललं, आणि तो हसला, आणि ती अशी फुटली की तिला काठाला धरावं लागलं. उमाकाकूंनी शिस्त राखायला शिट्टी वाजवली, पण त्याही हसत असल्यामुळं शिट्टीतून नुसतीच हवा आली.

"आवं, मला का सांगितलं न्हाई?" तिनं शेवटी विचारलं.

"तू धावेवरनं मुटका मारनारी," तानाजी म्हणाला. "तुला काय सांगू."

दुसऱ्या दिवसापासून सकाळी सातच्या तुकडीत एक पोरगं वाढलं. वल्लरी, वरद, आणखी दोन चार-चार वर्षांची पोरं आणि हवालदार तानाजी बर्गे, अनंतरावांची न वापरलेली नवी कोरी टोपी घालून. टोपी त्याला लहान होत होती, कान बाहेर आले होते. अडीच फूट पाणी त्याच्या जेमतेम मांडीला लागायचं, म्हणून तो गुडघ्यावर बसायचा. पोरांनी त्याला ताब्यात घेतलं. वल्लरीनं आपली तरंगायची पाटी त्याला दिली. "काका, चहा गरम आहे," ती म्हणायची, आणि तानाजी पाण्यावर मिशी टेकवून फुंकायचा. वरद त्याला तपासायचा. "डोळे मिटले तुम्ही. मी बघितलं." "न्हाई मिटलं." "मिटले. परत."

डोकं बुडवायला त्याला सहा दिवस लागले. वल्लरीला आठ लागले होते, हे तिनं त्याला मोठ्या मनानं सांगितलं. पाठीवर तरंगणं त्याहून अवघड. एवढा लांबलचक माणूस, पण डोकं मागं टाकायची वेळ आली की लाकडासारखा कडक व्हायचा आणि पायाकडून बुडायचा. रेश्मानं त्याच्या मानेखाली दोन्ही हात धरले. शिकवणीतल्या इतर कुठल्याही पोरापेक्षा हे डोकं जड होतं, आणि ते तिच्या हातात सोडायला तो तयार नव्हता.

"आभाळात काय दिसतंय?" तिनं विचारलं.

"काय न्हाई."

"नीट बघा."

"टाकी हाय." तो थांबला. "टाकीवर कावळा हाय. कावळ्याच्या चोचीत कायतरी हाय. चपाती दिसतीया. दुसरा कावळा आला गं. आता भांडनार ही. बघ, बघ, चपाती पडली."

"मी हात काढून लय वेळ झाला," रेश्मा म्हणाली.

तानाजी तसाच पडून राहिला. पोरं श्वास रोखून बघत होती. त्यानं मान न हलवता डोळे फिरवून तिच्याकडं बघितलं, ती दोन पावलं लांब, दोन्ही हात पाण्याच्या वर धरून उभी होती. "खरंच की," तो हळूच म्हणाला. मग त्याला हसू आलं, पोट हललं, नाकात पाणी गेलं, तो बुडाला, धडपडून उभा राहिला आणि खोकत खोकतच म्हणाला, "परत. परत कर."

सुट्टीच्या शेवटच्या सकाळी त्यानं तलाव आडवा पार केला. आडवा म्हणजे सहा-सात पावलं. पण साडेचार फुटाच्या टोकाला. डोकं वर काढून, दात घट्ट दाबून, हातांनी पाणी मागं लोटत, म्हशीसारखा. रेश्मा शेजारून उलटी चालत होती, हाताच्या अंतरावर. काठावर सगळे आईबाप उभे होते, आणि त्यांना बोलायची मनाई असल्यामुळं कुणीच काही बोलत नव्हतं, पण बँकेतले ते गृहस्थ मुठी आवळून स्वतःचेच पाय सरळ करत होते. तानाजीचा हात पलीकडच्या भिंतीला लागला. चारही पोरं, काकूंच्या शिट्टीला न जुमानता, काठावरून पळत आली आणि त्याच्या ओल्या गळ्यात पडली. त्याची टोपी कुणीतरी काढली, कुणीतरी मिशी ओढली. वरद म्हणाला, "काका, आता तुम्ही वरच्या तुकडीत."

दुपारी चारला सांगली स्टँडवरून पुण्याची एसटी होती, तिथून पुढं रेल्वे. शिवांजली बापाच्या हाताला धरून उभी होती. तानाजीनं बॅग वर टाकली, खिडकीशी बसला आणि मग कपाळावर आठ्या आणून म्हणाला, "आगं, ती चड्डी ओलीच हाय. पिशवीत घातलीया तशीच."

"गाडीत खिडकीला वाळत घाला."

"फौजी मानूस. लोकं काय म्हनतील."

"काय घालून पवतो म्हनून इचारतील," रेश्मा म्हणाली. तिघंही हसायला लागली. शेजारच्या सीटवरच्या म्हाताऱ्यानं विचारलं, काय झालं, तर तानाजीनं त्याला पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली, आणि एसटी सुटली तेव्हा तो हातवारे करून पाठीवर कसं तरंगायचं ते दाखवत होता. निरोपाचा हात हलवायचा राहूनच गेला.

रेश्मा थोडा वेळ तशीच उभी राहिली. मग तिनं घड्याळ बघितलं. पाचची तुकडी नवी होती, तीन वर्षांची चार पोरं, पहिला दिवस. शिवांजलीला घरी सोडून ती बंगल्यावर पोचली तेव्हा पावणेपाच झाले होते. फाटकाशी एक पोरगा आपल्या बापाच्या पायाला मिठी मारून उभा होता. बाप त्याचे हात सोडवत होता आणि हात सुटत नव्हते.

"नाव काय?" रेश्मानं विचारलं.

"शिवतेज," बाप म्हणाला.

"तुमाला न्हाई विचारलं."

पोरगा बापाच्या मांडीआडून एका डोळ्यानं बघत होता. रेश्मा त्याच्यासमोर खाली बसली. तिनं घाई केली नाही. आत पाण्यावर ऊन हलत होतं आणि काकूंनी खुर्ची मांडली होती.

"मला लय गरम चहा मिळालाय," ती म्हणाली. "एवढा मोठा. एकटीला निववत न्हाई. येतोस का फुंकायला?"

शिवतेजनं बराच वेळ विचार केला. मग त्यानं एक हात सोडला.